एमएसमधला थकवा : दुपारी बारानंतरचा दिवस कसा चालवता? (नाशिककरांनी जरूर लिहा)

इंदिरानगरची अबोली

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर लुडबुडत असते, आज जरा वेगळं काम आहे.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे. थोडक्यात सांगायचं तर शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवर असलेल्या मायलिन नावाच्या आवरणावरच उलटते. माझी सुरुवात डोळ्यापासून झाली. एका डोळ्याला लाल रंग विटका दिसायला लागला, मग धूसर, मग एमआरआय, पाठीतून पाणी काढणं, सगळं रीतसर. आता औषध चालू आहे, अलीकडच्या एमआरआयमध्ये नवा डाग नाही, चालते नीट, स्कूटर चालवते. बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. गोची तिथेच आहे.

प्रश्न थकव्याचा आहे. रात्रभर झोपून उठले तरी सकाळी साडेदहा-अकरापर्यंतच मी माणसात असते. अंबडला एका कारखान्यात हिशेब बघते. बारानंतर जीएसटीचं रिटर्न भरायला घेतलं की तोच आकडा पुन्हा पुन्हा वाचते आणि तो डोक्यात शिरतच नाही. कुणी मध्येच काही विचारलं तर साधा शब्द आठवत नाही, "ते हे" करत बसते. संध्याकाळी पोळ्यांना उभी राहिले की चौथ्या-पाचव्या पोळीला लाटण्यावरचा हात जड होतो, पोळीचा नकाशा होतो. मग गॅस बंद करून तिथेच ओट्यापाशी फरशीवर बसायचं, फरशी गार असते म्हणून. कधी दहा मिनिटांत उठता येतं, कधी मुलगा येऊन हात देतो तेव्हा.

दिवाळीत पहाटे कढत पाण्याने अभ्यंगस्नान झालं की सगळे फराळाला बसतात आणि मी आडवी, डोळ्यासमोर धुकं.

घरचे वाईट नाहीत, हे आधीच लिहून ठेवते. नवरा समजूतदार आहे, सासूबाई मायाळू आहेत. पण "दिसतेस तर छान!" आणि "अगं, आम्हीसुद्धा थकतोच की" ही दोन वाक्यं आता अंगावर येतात. डॉक्टरांसमोर बसले की "थकवा येतो हो फार" एवढंच तोंडातून निघतं, आणि ते म्हणतात, या आजारात येतो. खरंच आहे, पण पुढे काय?

तेव्हा ज्यांना असा मेंदूचा किंवा नसांचा दीर्घ आजार आहे (एमएसच हवा असं नाही), किंवा ज्यांच्या घरात कुणाला आहे, त्यांनी दिवस कसा बसवलाय ते लिहा. नोकरी, स्वयंपाक, सणवार आणि नाशिकचा एप्रिल. उपदेश नको, रोजचं सांगा.

सातपूरकर

वाचतोय. माझ्या मेहुणीला एमएस आहे, तिला धागा पाठवला. ती म्हणाली, पोळीचा नकाशा हे अगदी अगदी.

फिजिओ मानसी

अबोलीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, नसांच्या आजारांचे रुग्ण रोज बघते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

एमएस असलेल्या चारांपैकी तीन जणांना तरी हा थकवा असतो, आणि चालण्याच्या त्रासापेक्षा हाच जास्त छळतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आवरण खराब झालेल्या नसेतून संदेश हळू जातो, काही वेळा वाटेतच अडतो. मग तेच साधं काम उरकायला मेंदू आपला जास्तीचा भाग कामाला लावतो. म्हणून खुर्चीत बसून जीएसटी भरणं हीसुद्धा तुमच्यासाठी अंगमेहनतच आहे. "बसून तर होतीस" या वाक्याला काही अर्थ नाही, घरी सांगा.

दिवाळीचं जे लिहिलंत त्याला उथोफ फिनॉमेनन म्हणतात. विल्हेल्म उथोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये नोंदवलं की अशा रुग्णांची नजर श्रमानंतर तात्पुरती मंदावते. खरं कारण शरीराचं तापमान, हे पुढे कळलं. अर्धा अंश सेल्सिअस वाढलं तरी दुखावलेल्या नसेतला संदेश अडू शकतो. एमआरआय नव्हतं त्या काळात रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का हे पाहत आणि निदानाला त्याचा आधार घेत. तुमच्याकडे ती तपासणी दर नरक चतुर्दशीला घरच्या घरी होते! अंग गार झालं की हे ओसरतं, त्याने नवी इजा होत नाही. मात्र एखादं नवं लक्षण आलं, किंवा जुनं जोरात उसळलं आणि ताप-संसर्ग नसताना २४ तासांहून जास्त टिकलं, तर ते उन्हाच्या माथी मारू नका. न्यूरोलॉजिस्टना फोन करा.

आता महत्त्वाचं. एमएस असलेल्या माणसाचा सगळाच थकवा एमएसचा नसतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, थायरॉइड, ड जीवनसत्त्व हे कधी तपासलं? रात्री लघवीला किती वेळा उठता? झोपताना पाय वळवळतात का, पेटके येतात का? घोरता का, हे नवऱ्याला विचारा. लघवीचा संसर्ग अंगात दबून असला तरी माणूस असाच गळून जातो. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते. मन खचलेलं असेल तर तेही थकव्यात मिसळतं. यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत, म्हणून आधी या बघायच्या.

डॉक्टरांना काय सांगायचं? फटीग सिव्हिरिटी स्केल नावाची प्रश्नावली १९८९ पासून वापरात आहे. नऊ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. सरासरी ४ किंवा त्याहून जास्त आली की थकवा दखल घेण्याजोगा धरतात. ती भरून न्या. "माझी सरासरी अमुक आहे, आणि दुपारी बारानंतर मला आकडे वाचता येत नाहीत" असं म्हटलं की पाच मिनिटंसुद्धा पुरतात.

पॉझिटिव्ह प्रकाश

ताई, हे सगळं मनाचे खेळ. माझ्या आत्यालाही असंच व्हायचं. सकाळी साडेपाचला उठून पांडवलेणी चढायला लागली, अश्वगंधा सुरू केली, सहा महिन्यांत ठणठणीत. आजार आजार केलं की आजार वाढतो. ट्राय करून बघा, नुकसान तर काही नाही.

इंदिरानगरची अबोली

प्रकाशदादा, आत्यांना नमस्कार सांगा. त्यांना एमएस होता का, एवढं फक्त विचारून कळवा.

मानसीताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय. सासूबाईंनी चष्मा लावून वाचला. रात्री लघवीला उठण्याचं विचारलंत. उठते, बऱ्याच वेळा. ते कुणाला सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

औषधवाला गंगापूर रोड

"नुकसान तर काही नाही" यावर लिहिल्यावाचून राहवत नाही, दुकान औषधांचं आहे माझं. एमएसच्या बऱ्याच औषधांचं कामच प्रतिकारशक्तीला लगाम घालण्याचं असतं. अश्वगंधा तिला उलट चेतवू शकते, शिवाय तिच्याने यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. एमएसच्या काही औषधांवर असताना यकृताच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात त्या उगाच नाहीत. काहीही चूर्ण-काढा घ्यायचा तर न्यूरोलॉजिस्टच्या कानावर घालून घ्या. आयुर्वेदाला नावं ठेवत नाही, आमच्या घरी च्यवनप्राश संपत नाही.

आता थकव्याच्या ॲलोपॅथीच्या गोळ्यांबद्दल, कारण लोक येऊन नाव घेऊन मागतात. अमॅन्टाडीन, मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट ही तीन नावं एमएसच्या थकव्यासाठी वर्षानुवर्षं लिहिली जातात. २०२१ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत एक चाचणी प्रसिद्ध झाली. एमएस असलेले १४१ रुग्ण, प्रत्येकाला आळीपाळीने ही तिन्ही औषधं आणि एक बिनऔषधाची गोळी, कुठली कधी ते ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. निष्कर्ष असा की तिन्हींपैकी एकही बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, उलट त्रासाच्या तक्रारी औषधांवर असतानाच जास्त होत्या. म्हणून कुणालाच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही, तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण मैत्रिणीला लागू पडली म्हणून चिठ्ठीशिवाय मागायला येऊ नका, मी देणार नाही.

देवळालीचे काका

माझं वय ७१, मला पार्किन्सन्स आहे. लोकांना कंप दिसतो, थकवा दिसत नाही. मला विचाराल तर कंप परवडला.

माझं सगळं गणित गोळीवर बांधलेलं आहे. लेव्होडोपा घेतली की काही वेळाने अंग सुटं होतं, मग काही तास बरे, मग उतार. आंघोळ, दाढी, बँक, नातीबरोबर पत्ते, जे काय करायचं ते त्या चढत्या वेळेत. उतरत्या वेळेत शर्टाची बटणंसुद्धा लावायला घेत नाही. उगाच झटापट होते, चिडचिड होते आणि उरलेली दुपार त्यातच जाते. आणखी एक : डाळ, पनीर, अंडी असं प्रथिनांचं जेवण आणि गोळी एकाच वेळी घेतली तर गोळी नीट लागत नाही. दोघांत अंतर ठेवतो. डॉक्टरांना विचारूनच ठेवा, पण विचारा जरूर.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचा मला फार आधार झाला. मराठीत बोलणारी, त्याच आजाराची माणसं भेटली की अर्धं समजावून सांगणं वाचतं.

नाशिकरोडचा प्रवासी

माझ्या बायकोला एमएस आहे, मी घरची बाजू लिहितो.

आमच्याकडे वर्षाचे दोन भाग पडतात, होळीपूर्वी आणि होळीनंतर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, नाशिक थंड हवेचं वगैरे होतं ते आमच्या वडिलांच्या काळात. तेव्हा दुपारी बारा ते चार ती घराबाहेर पडत नाही, काहीही असो, कुणाचंही लग्न असो. फार जवळचं लग्न असलं तर मुहूर्ताला मी जातो आणि ती संध्याकाळी गार झाल्यावर घरी जाऊन अहेर देऊन येते. पहिल्यांदा नातेवाईक बोलले. आता बोलत नाहीत, किंवा बोलत असतील तर आमच्यापर्यंत येत नाही.

गार राहायच्या युक्त्या : नाशिकचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांचा साधा कूलर मे अखेरपर्यंत छान काम देतो. पावसाची हवा सुरू झाली की तोच कूलर निरुपयोगी, खोली नुसती दमट होते आणि हिला जास्त त्रास. तेव्हा एका खोलीत एसी. बाहेर जायचं असेल तर *जाण्याआधी* गार व्हायचं, हे आम्हाला एका नर्सबाईंनी शिकवलं. कोमट-गार पाण्याने आंघोळ, मग बर्फाचा चुरा घातलेलं लिंबूपाणी घोट घोट, आणि मानेभोवती ओला पंचा. सुती पंचा, टर्किशचा टॉवेल नको, तो जड होतो. तो एका डब्यात फ्रिजमध्ये घडी घालून ठेवलेलाच असतो. द्वारका चौकात सिग्नलला अडकलो की तोच पंचा वाचवतो.

मुंबईला दाखवायला जायचं तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जायचं आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत यायचं हा अख्ख्या नाशिकचा रिवाज. आम्ही तो मोडला. आदल्या दिवशी जातो, ठाण्याला मावसभावाकडे राहतो, दाखवून झालं की पुन्हा तिथेच मुक्काम. तीन दिवस मोडतात, पण नाहीतर एका दिवसाच्या मुंबईनंतर ती पुढचा आठवडा उठत नाही. मला रजेचा त्रास होतो, तो होऊ दे.

कॉलेज रोडची आजी

मी सासू आहे, म्हणून माझंही लिहिते. माझ्या सुनेला एमएस आहे.

अबोली, तुझ्या सासूबाईंची बाजू सांगू का? सकाळी नऊला खळखळून हसणारी, डबे भरणारी सून संध्याकाळी पाचला दार लावून झोपलेली दिसते. आपल्या पिढीला झोपलेलं माणूस म्हणजे तापानं फणफणलेलं तरी पाहिजे, नाहीतर आळशी. तिसरं काही आपल्याला माहीतच नाही. माझ्या लेकाने मला शेवटी पाण्यावरून समजावलं. आपल्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी येतं. ते पिंपात भरून ठेवायचं आणि दिवसभर पुरवायचं. सकाळीच अंगण धुतलं तर संध्याकाळी प्यायला उरत नाही, आणि कितीही आरडाओरडा केला तरी नळ दुसऱ्या दिवशीच येणार. हे मला चटकन कळलं, कारण पाणी मीच भरते.

तेव्हापासून घरात एकच विचारतात, "आज किती आहे?" ती म्हणाली "निम्मं", की भाजी मी टाकते आणि पोळ्या मावशींकडून. कारण विचारायचं नाही असं ठरलेलं आहे. गौरी-गणपतीला पुरणपोळ्या बाहेरून आणतो. पहिल्या वर्षी माझी जाऊ म्हणाली, गौरीला विकतचा नैवेद्य? मी म्हटलं, गौर माहेरवाशीण म्हणून येते, तिला घरची सून अंथरुणाला खिळलेली पाहून बरं वाटेल का.

सातपूरकर

आजी, दंडवत.

निफाडची शेतकरीण

माझं दुखणं वेगळं आहे, मायस्थेनिया ग्रेव्हिस. तुमच्यात नसांवरचं आवरण खराब, माझ्यात नस चांगली पण नस आणि स्नायू जिथे मिळतात तिथे निरोप पोचत नाही. वापरलं की स्नायू संपतो, थांबलं की परत येतो. संध्याकाळी उजवी पापणी खाली येते. बघणाऱ्याला वाटतं डुलक्या काढते बाई.

मला जेवताना थकवा येतो, हे कुणाला सांगितलं तर हसतात. अर्धी भाकरी चावून झाली की जबडा ऐकत नाही. म्हणून गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने जेवायला बसते, भाकरी दुधात नाहीतर आमटीत कुस्करून, आणि चावायचं काही असेल ते पहिल्या घासांना. बोलत बोलत जेवणं बंद. आमच्याकडे पंगतीला हे जड जातं.

द्राक्षाच्या हंगामात घर थांबत नाही. जानेवारी ते मार्च बायकांची टोळी, क्रेट, व्यापारी, हिशेब. वर हात करून घड कापणं मला जमत नाही, पाच-सहा घडांत दंड पडतो. मी शेडमध्ये बसून माल निवडते आणि वजन लिहिते. मालकीणबाई खुर्चीत बसल्या म्हणून टोळीतल्या बाया सुरुवातीला कुजबुजल्या, मग त्यांच्यातलीच एक उशी घेऊन आली.

एक लिहायलाच हवं. मायस्थेनियात काही अँटिबायोटिक चालत नाहीत, दुखणं वाढवतात. साध्या सर्दीतापाला गावातल्या डॉक्टरकडे गेले तरी आधी आजाराचं नाव सांगते आणि कागद दाखवते. गिळायला किंवा श्वासाला जड झालं तर सकाळची वाट बघायची नाही, थेट मोठ्या दवाखान्यात.

झेडपीतला कारकून

नोकरीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस व पार्किन्सन्स ही दोन्ही नावं त्यात स्पष्ट लिहिलेली आहेत. 'मला काय दिव्यांग म्हणायचं' असं वाटून बरेच जण तिकडे वळत नाहीत. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, मग शासकीय रुग्णालयात तपासणीला बोलावतात. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. मला विचारलं ते चालणं, पकड आणि नजरेबद्दल. थकव्याचं कुणी आपणहून विचारत नाही, म्हणून न्यूरोलॉजिस्टच्या पत्रात तो शब्दांत लिहून घ्या, काय करता येत नाही यासकट.

सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या कारणाने काढता येत नाही की पदावनत करता येत नाही, हे कलम २० मध्ये आहे. खाजगी आस्थापनेला कलम २१ खाली समान संधीचं धोरण करावं लागतं. प्रत्यक्षात कायदा दाखवण्याआधी साहेबांना दोन गोष्टी लेखी मागा : डोक्याचं काम सकाळी आणि बसण्याची जागा पंख्याखाली. फुकटातल्या मागण्या आहेत, सहसा मिळतात. मी जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये सतरंजी टाकून वीस मिनिटं आडवा होतो. शिपाई बाहेरून कडी लावतो, साहेबांना माहीत आहे.

फिजिओ मानसी

वीस मिनिटांवरून आठवलं. विश्रांती थकण्या*आधी* घ्यायची. कोसळल्यावर घेतलेल्या तासाभरापेक्षा अकराला आणि तीनला घेतलेली पंधरा-वीस मिनिटं जास्त कामी येतात. मोबाइल पाहत पडणं ही विश्रांती नाही, डोळे मिटून, आवाज बंद. मालिकांचा आवाजसुद्धा मेंदूला कामच असतं.

स्वयंपाकघरात उंच स्टूल आणा, ओट्याच्या उंचीचं, पाय टेकायला दांडा असलेलं. कणीक, चिरणं, लाटणं सगळं बसून. आंघोळही स्टुलावर बसून. केस धुवायचे तो दिवस आणि बाहेर जायचं तो दिवस वेगळा ठेवा.

आणि व्यायाम. थकलेल्या माणसाला व्यायाम सांगणं क्रूर वाटतं, पण एमएसच्या थकव्यावर बेताचा, नियमित व्यायाम उपयोगी पडतो हे अभ्यासांतून दिसलंय. पांडवलेणी नव्हे, प्रकाशदादा! घराच्या गच्चीत सकाळी सहाला पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात, आणि दुसऱ्या दिवशी त्रास झाला नाही तरच मिनिटभर वाढ. पोहता येत असेल तर फारच छान, पाण्यात अंग तापत नाही. त्र्यंबक रोडवरच्या महापालिकेच्या सावरकर तलावात माझे काही रुग्ण सकाळी जातात. विचारांची सवय बदलायला शिकवणारी सीबीटी ही उपचारपद्धतीही या थकव्यावर उपयोगी ठरते. ती घेतली म्हणजे आजार मानसिक होता असं ठरत नाही.

रात्रपाळी

मीही एमएसवाला. नाव बदलून लिहितोय. वर कुणीतरी मन खचण्याचं लिहिलं ते वाचून. मला आधी वाटायचं की हा थकवाच आहे, पण सकाळीसुद्धा उठावंसं वाटेना, क्रिकेटसुद्धा नकोसं झालं, तेव्हा न्यूरोलॉजिस्टनीच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. गोळीने दोन महिन्यांत क्रिकेट परत आलं. बारानंतरचा थकवा आहे तिथेच आहे. म्हणजे दोन वेगळी दुखणी होती, एकाला औषध निघालं. फार वाईट रात्र असेल तर टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. मी लावलेला आहे.

पॉझिटिव्ह प्रकाश

आत्याला विचारलं. एमएस नव्हता, थायरॉइड होतं आणि गोळी चालू केली होती. अश्वगंधाचं मी मागे घेतो. पांडवलेणीवरून सूर्योदय मात्र छान दिसतो.

इंदिरानगरची अबोली

प्रकाशदादा, तुम्ही परत येऊन लिहिलंत, आवडलं.

थोडा उशीर झाला, पण आता सगळं एकदम लिहिते. प्रश्नावली भरून नेली, सरासरी सहाच्या वर आली. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि या वेळी खरंच ऐकलं. फेरिटिन अगदी तळाला निघालं, लोहाची गोळी सुरू झाली. रात्रीच्या लघवीसाठी मूत्राशय पूर्ण रिकामं होतं का याची सोनोग्राफी सांगितली. होत नव्हतं, त्यावर इलाज चालू आहे. आता रात्री सलग झोप लागते आणि सकाळ बरीच लांबली आहे, बारा ऐवजी कधीकधी दीड वाजतो. त्यापुढे मात्र तेच. तो भाग एमएसचा स्वतःचा असावा.

कंपनीला शनिवारी सुट्टी असते. पूर्वी त्या दिवशी मी आठवडाभराची सगळी कामं काढायचे. आता शनिवारी सकाळी एकच काम, मग आडवी. रिटर्नं सकाळी नऊ ते अकरात, दुपारी फायलिंग आणि फोन. टेबलावर छोटा पंखा आहे, शेजारचे देशमुख म्हणतात माझी पावती उडते, त्यांना पेपरवेट आणून दिलं.

स्टूल घेतलं, भद्रकालीत मनासारखं मिळालं नाही म्हणून सुताराकडून करून घेतलं. गंमत म्हणजे त्यावर आता सासूबाईच बसतात, गुडघ्यांना बरं पडतं म्हणे. दुसरं करायला टाकलंय. त्या आता "आज किती आहे?" विचारायला लागल्या आहेत, आजींचा प्रतिसाद त्यांनी मोठ्याने वाचून घेतला माझ्याकडून. आठवड्यातून एखाद्या दिवशी विसरतात आणि "आम्हीसुद्धा थकतो" येतंच. त्यांचं वय सत्तर आहे, त्या थकतातही. तिथे मी गप्प बसते.

सगळे एकदा भेटायचं का?

नाशिकरोडचा प्रवासी

भेटूया. फक्त गोदाकाठ वगैरे काव्यात्मक जागा सुचवू नका. पायऱ्या, गर्दी आणि ऊन.

सातपूरकर

कॉलेज रोडला कॅफे पुष्कळ आहेत, पण गाणी कर्कश. मेहुणी दहा मिनिटांत उठेल.

फिजिओ मानसी

माझ्या क्लिनिकचा हॉल आहे, तळमजला, एसी, रिक्षा दारापर्यंत येते. रविवारी रिकामाच असतो. पत्ता निरोपात पाठवते.

इंदिरानगरची अबोली

चालेल. रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेदहा, तासाच्या वर नाही. सतरंजी आणि उशा मी आणते, ज्याला आडवं व्हायचं त्याने खुशाल व्हावं. ऐनवेळी नाही जमलं तर फोन करायचीही गरज नाही. निफाडताई, तुम्हाला लांब पडेल, तुम्ही व्हिडिओ कॉलवर या. बोलायला त्रास होत असेल तर नुसतं ऐका.

देवळालीचे काका

साडेनऊ उत्तम, तोवर माझी गोळी चढलेली असते. एक खुर्ची हात असलेली ठेवा, उठताना रेटा द्यायला लागतो. आणि पोहे करणार असाल तर दाणे वेगळे ठेवा, मी नंतर खाईन.